काचपेटीतील रोपे का सडतात? कर्बवायू आणि शहापूर-मुरबाडसाठी एक जोडधंदा

शोभेचे मासे आणि काचपेट्या यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांना एक तक्रार नेहमी ऐकावी लागते. गिऱ्हाईक क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून हिरवीगार रोपे घेऊन जाते, काचपेटीत लावते, आणि पंधरा दिवसांच्या आत पाने काचेसारखी पारदर्शक होऊन सडू लागतात. गिऱ्हाईक समजते की दुकानदाराने रोगट माल गळ्यात मारला. पुढच्या खेपेला ते प्लॅस्टिकची रोपे घेते. असा एकेक गिऱ्हाईक तुटत जातो, आणि दोष बहुतेक वेळा रोगाचा नसून उपासमारीचा असतो.

रोपाचे मुख्य अन्न खत नव्हे, कार्बन डायऑक्साइड म्हणजेच कर्बवायू होय. रोप पूर्ण सुकवले तर उरलेल्या वजनात शेकडा सुमारे ४० भाग निव्वळ कर्ब भरतो, आणि तो सारा या वायूतून आलेला असतो. उजेडाच्या बळावर रोप वायू आणि पाणी यांपासून साखर तयार करते व प्राणवायू बाहेर टाकते. हवेत या वायूचे प्रमाण आज दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे. उघड्या हवेत ठेवलेल्या पाण्यात मात्र लिटरमागे तो जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम विरघळून राहतो. शिवाय पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाजवळचा वायू संपला की नवा येईपर्यंत रोप ताटकळत बसते. दाट लावलेल्या काचपेटीला लिटरमागे १५ ते ३० मिलिग्रॅम लागतात. हौशी माणूस दिव्यांवर आणि खतावर पैसे ओततो, पण वायू नसेल तर तो उजेड आणि ते खत शेवाळाच्या पथ्यावर पडते.

आता धंद्यातील खरी मेख. बाजारात येणारी बरीच रोपे पाण्याखाली वाढलेलीच नसतात! डेन्मार्कची ट्रॉपिका ही १९७० पासूनची नावाजलेली कंपनी असो की आपल्याकडचे लहान उत्पादक, ओल्या मातीवर, दमट हवेत, पाने पाण्याबाहेर ठेवून रोपे वाढवणे सर्वांनाच परवडते. हवेतला वायू फुकट मिळतो, रोप झपाट्याने वाढते, शेवाळ आणि गोगलगायी लागत नाहीत. पण हवेतली पाने जाड आणि मेणचट असतात. पाण्यात बुडवली की ती निरुपयोगी ठरतात, आणि रोपाला पाण्यातली नवी पातळ पाने काढावी लागतात. त्या दोन-तीन आठवड्यांत वायू कमी पडला तर जुनी पाने सडतात व नवी येत नाहीत.

शहापूर आणि मुरबाडच्या बांधवांनी इकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते ते याच कारणाने. या दोन तालुक्यांत पाऊस भरपूर, पावसाळ्याचे चार महिने हवा आयतीच दमट, आणि गिऱ्हाईक जवळ. आसनगावहून लोकल थेट मुंबईला जाते. मुरबाडहून कल्याणपर्यंत सडक आहे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलेली रोपे वजनालाही हलकी, पाणी वाहून न्यावे लागत नाही. घरामागे हिरव्या जाळीचा मांडव, त्याखाली मातीचे उथळ ट्रे, आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा, एवढ्यावर सुरुवात होते. मार्च ते मे मात्र परीक्षेचे. मुरबाडच्या कोरड्या उन्हात एक फवारा चुकला तरी ट्रे वाळतो.

लुडविजिया, रोटाला, क्रिप्टोकोरिन आणि आपली जलब्राह्मी या पद्धतीने चांगल्या येतात. रोटालाच्या तर अनेक जाती मूळच्या सह्याद्रीतल्याच. ब्राह्मीला औषधवाल्यांकडेही मागणी असते, पण औषधासाठी विकायची असेल तर तिच्यावर कीटकनाशक मारू नये. व्हॅलिसनेरिया व हायड्रिला या मात्र पाण्याखालीच वाढतात. त्यांची आणखी एक खुबी आहे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांतूनही त्या कर्ब ओढून घेतात. म्हणून बोअरवेलच्या जड पाण्यात, वायू न देताही त्या तग धरतात. ज्याला खर्च नको त्या गिऱ्हाइकाला याच द्याव्यात. रोटाला देऊन महिन्याने तोंड चुकवण्यापेक्षा ते बरे.

हवेत वाढलेले रोप असेल तर तसे सांगून विकावे. मालातला ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे वाचकांना सांगायला नको. किंवा उत्पादकाने स्वतःच वायूच्या टाकीत रोपे दोन-तीन आठवडे ठेवून पाण्यातली पाने आणावीत आणि भाव थोडा अधिक घ्यावा.

वायू द्यायचा कसा? सोडावॉटरचा किंवा वेल्डिंगचा धंदा करणाऱ्या कारागिरांना हे सिलिंडर नवे नाहीत. तोच सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर, थेंबाथेंबाने सोडणारा बारीक व्हॉल्व्ह आणि बुडबुडे बारीक करणारी चकती, बस. आत वायू द्रवरूपात असतो. म्हणून द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा जवळपास तोच राहतो. किती उरला ते काट्यावर नव्हे, वजनावर कळते. सिलिंडर उभाच ठेवावा, आडवा केल्यास द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. उन्हात तर कधीच ठेवू नये. ३१ अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहत नाही आणि भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. भरणा परवानाधारकाकडूनच करावा.

लहान पेटीसाठी अनेकजण साखर आणि यीस्टची बाटली लावतात. त्या बाटलीत वायूबरोबर मद्यार्कही तयार होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना त्यापासून दूर राहायचे आहे त्यांना दुसरा मार्ग आहे. लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) आणि खाण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की तोच वायू निघतो. २०० ग्रॅम लिंबूसत्त्व आणि २६० ग्रॅम सोडा यांपासून सुमारे १३५ ग्रॅम वायू मिळतो. मात्र दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेली तयार टोपी व दाब सोसणारी बाटली वापरावी. काचेची बाटली फुटून इजा होईल.

जास्त वायूने मासे गुदमरतात. काचपेटीत लावायची एक छोटी रंगदर्शक कुपी मिळते. तिच्यातले पाणी निळे असेल तर वायू कमी, हिरवे असेल तर ठीक, पिवळे झाले तर धोका. रंग पालटायला तास-दोन तास लागतात, म्हणून वायू हळूहळू वाढवावा. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर वायू तत्काळ बंद करून हवेचा पंप लावावा. दिवे लागण्याआधी तासभर वायू सुरू करावा आणि दिव्यांबरोबर बंद करावा, कारण अंधारात रोपे स्वतःच वायू सोडतात. आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. दिवा विझतो, पण हाताने उघडलेला व्हॉल्व्ह चालूच राहतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. वीज गेली की आपोआप मिटणारा विजेचा व्हॉल्व्ह बसवण्यात कंजुषी करू नये.

सुरुवातीचे बियाणे म्हणून तानसाच्या किंवा भातसाच्या पाण्यातून रोपे उपटून आणण्याचा मोह होईल. तानसा अभयारण्यातून काहीही आणणे हा गुन्हा आहे. बाजारातून दोन-चार जुड्या विकत घेऊन त्यांच्या काड्या लावल्या की काही महिन्यांत मांडव भरतो. उरलेली, छाटलेली परदेशी रोपे काळू किंवा भातसा नदीत न टाकता उन्हात वाळवून खतात घालावीत. उल्हास नदीत माजलेली जलपर्णी या देशात शोभेचे रोप म्हणूनच आली होती.