ज्येष्ठमध आणि रक्तदाब

घसा बसला की हुबळीच्या कमरीपेठेतल्या घरात काय आणि कोल्हापुरातल्या घरात काय, ज्येष्ठमधाची कांडी निघतेच. वरून तपकिरी, सुरकुतलेली. दाताने सोलली की आत पिवळे धागे. गोडी हळूहळू उतरते आणि पाणी प्यायल्यावरही जिभेवर राहते. ‘झाडाची मुळी ती, कितीही खा’ हे मात्र साफ चूक आहे.

ही गोडी मुख्यतः ग्लिसिरायझिनची; ते साखरेच्या सुमारे 50 पट गोड असतं. एरवी मूत्रपिंडातलं एक एन्झाइम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करत असतं. ज्येष्ठमध रोज पोटात गेला की ते एन्झाइम अडतं. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं: अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, हातापायांतलं बळ जातं, ठोकेही चुकू शकतात. अमेरिकेत काही आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचं पाकीट-दीड पाकीट खाणारा 54 वर्षांचा माणूस दगावल्याची नोंद 2020 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली.

युरोपातल्या तज्ज्ञांनी रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन अशी सांगितली आहे. मुळीत ते 4 टक्के धरलं, तर अडीच ग्रॅम चूर्णात, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्यात, ती भरते. निरोगी माणसाने दोन दिवस कांडी चघळली तर घाबरायचं कारण नाही. महिनोन् महिने सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा चूर्ण घेणाऱ्यांची मला काळजी वाटते.

‘चिनी लोक तर हजारो वर्षं घेतात’ असंही ऐकू येतं. घेतात, खरंच, तिथल्या काढ्यांत गान्त्साओ, म्हणजे ज्येष्ठमधाचीच भावंड-जात, सर्रास असते. पण इतर औषधांना जुळवून घेण्यासाठी, वैद्याने मोजून दिलेली. आयुर्वेदातही मात्रा सांगितलेलीच असते.

रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण सुरू करू नका. आधीच घेत असाल तर तेही सांगा. बंद केल्यावर पोटॅशियम पूर्ववत व्हायला कधी कधी दोन आठवडेही लागतात.

आणखी एक. गुंजेचा पालाही गोड, तिची मुळीही काही ठिकाणी ज्येष्ठमधाऐवजी खपवली जाते. ते झाड वेगळं, त्याचं लाल-काळं बी जहाल विषारी. मुळी ओळखीच्या दुकानातून, अख्खीच घ्या. चूर्ण झाल्यावर काय काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही.