फड आणि प्रेक्षक : जत्रेची रात्र सगळ्यांची व्हावी म्हणून

सुगी आटोपली की जत्रांचे दिवस येतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची एक बाजू खानदेशाला लागून, दुसरी मराठवाड्याला. त्यामुळे तमाशा, लावणीचा कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा आपल्याला नवा नाही. पण बऱ्याच गावांतल्या बाया म्हणतात, "आम्ही तिकडं जातच नाही. तिथं काय धिंगाणा असतो!" हा धिंगाणा होतो कशामुळं, त्यात कलावंतांचं काय होतं आणि आपल्याला काय करता येईल, हे आज समजून घेऊ.

आधी तमाशा चालतो कसा ते पाहू. तमाशाचे दोन प्रकार. संगीत बारी थिएटरात बसते, आणि ढोलकी फड गावोगाव फिरतो. फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि जत्रा संपल्या की परततो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात. तिथं गावकरी येतात, रक्कम ठरवतात, सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात : नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाडे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. कलावंत हंगामाआधी उचल घेतात आणि ती कामातून फेडतात. मालकाच्याही डोक्यावर कर्ज असतं. म्हणून एका रात्रीचा खेळ उधळला, तर तोटा शंभर चुलींना लागतो. कोरोनात २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी जत्रा बंद राहिल्या, तेव्हा कित्येक कलावंत मजुरीला गेले.

खेळाचाही एक क्रम असतो. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. यातली रंगबाजी ही फर्माईशीची जागा. आवडीचं गाणं सांगायचं, 'वन्स मोअर' म्हणायचं, फेटा उडवायचा, हे जुनंच आहे. सोंगाडी प्रेक्षकाची थट्टा करतो, प्रेक्षकही उलट बोलतो. ही जवळीक म्हणजेच तमाशाची खरी गंमत.

पण याच जवळिकीतून ताण निर्माण होतो. पूर्वी दौलतजादा चालायची. प्रेक्षक पैसे दाखवायचा आणि नाचणारी ते घ्यायला त्याच्याजवळ जायची. पैसे देणाऱ्याला वाटायचं, आता ही बाई आपल्या हुकमाची. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग सुधारणा समिती नेमली गेली आणि अटी घालून बंदी उठली. दौलतजादाही त्यात बंद झाली. कागदावर बंद झाली, मनातून गेली नाही. आजही स्टेजवर नोटा उधळणारा, चढून हात धरणारा, मोबाइल घेऊन राहुटीमागं जाणारा माणूस तोच हिशेब करत असतो : पैसे दिले, म्हणजे बाई विकत घेतली. कितीतरी कलावंत बाया दलित आणि भटक्या समाजातल्या आहेत. त्यामुळे बाई म्हणून एक आणि जातीवरून दुसरं, असं दुहेरी बोलणं त्यांना ऐकावं लागतं.

अलीकडचं उदाहरण तुम्हीही ऐकलं असेल. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना एवढी गर्दी लोटली, की ठिकठिकाणी गोंधळ झाला, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्या. त्यांच्या हावभावांवर टीका झाली, आणि त्यांनी जाहीर माफीही मागितली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून काढलेला व्हिडिओ पसरवला गेला. राज्य महिला आयोगानं दखल घेतली, गुन्हा दाखल झाला. नाच आवडला नाही तर नावं ठेवा, उठून जा. चोरून चित्रण करणं हा मात्र गुन्हाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्या वेळेलाही एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. बाईला लाज वाटेल असे शब्द किंवा हातवारे केले, तर कलम ७९ लागतं. स्टेजवरची बाईसुद्धा बाईच आहे, हे कायदा मानतो.

आता प्रेक्षकाचीही बाजू ऐकू. तोही दिवसभर राबून, दूरवरून आलेला असतो. कार्यक्रम नऊचा सांगतात, पण पुढाऱ्यांचे सत्कारच तासभर चालतात. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर मनाई आहे. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार ती बारापर्यंत शिथिल करू शकतं. म्हणजे उशिरा सुरू झालेला खेळ ऐन रंगात येतो आणि पोलीस बंद करायला सांगतात. मग खुर्च्या उडतात. राग असतो आयोजकावर, निघतो कलावंतांवर. पोरं सिनेमाचीच गाणी मागतात, म्हणून वग आखडत जातो. मग जाणती माणसं म्हणतात, आता पूर्वीचा तमाशा राहिला नाही. फड म्हणतो, मागाल ते देतो. दोघंही एकमेकांवर नाराज.

हे असंच चालायचं, असं मात्र नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळीकडं सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा त्या स्टेजमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभं राहायची तयारी केली. लोकांना हे समजलं, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, बाईला विश्रांती घ्यायला सांगितलं. तिकीट काढून आलेलेच ते लोक, पण पैशापेक्षा त्यांना माणूस मोठा वाटला. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं.

मैत्रिणींनो, जत्रेची वर्गणी आपल्याही घरातून जाते. मग जत्रा कमिटीच्या बैठकीत आपण का नसावं? गटानं ठराव करून पाच गोष्टी मागाव्यात.

पहिली, कलावंत बायांना कपडे बदलायला बंद खोली आणि संडास. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची खोली देता येते. तिथं गावातल्या दोघी बाया राखणीला असाव्यात.

दुसरी, स्टेज आणि प्रेक्षक यांच्यामध्ये बांबूचा कठडा. स्टेजवर कुणीही चढायचं नाही, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना.

तिसरी, बायांना बसायला वेगळी जागा आणि जायला-यायला उजेडाची वाट.

चौथी, परवानगी किती वाजेपर्यंतची आहे ते आधी विचारून खेळ वेळेवर सुरू करायचा. सत्कार दिवसा उरकायचे.

पाचवी, सुपारीचे उरलेले पैसे खेळ संपताच, सगळ्यांसमोर. कलावंतांना पैशासाठी रात्री कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

एवढं करूनही कुणी हात टाकला, तर ११२ नंबर फिरवा. आणि घरी आपल्या पोरांशी बोला. शिट्टी आनंदाची असते, तशी अपमानाचीही असते, आणि दोन्हींतला फरक त्यांना आपणच सांगायचा आहे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्या गावच्या जत्रा कमिटीत बाया किती आहेत? उत्तर 'एकही नाही' असेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करू.