चार म्हशी आणि एक फायनल

२८ सप्टेंबर २०२५. गावात लाईट नव्हती आणि घरात चार्जिंग असलेला मोबाईल एकच, माझा. त्यात ३६ टक्के. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गंगेच्या काठावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जायकवाडीचा विसर्ग त्या दिवशी ३ लाख क्युसेकच्या घरात गेला होता. ते पाणी आमच्या शिवारात कधी शिरेल, याचे मेसेज त्याच मोबाईलवर येत होते. आणि आठ वाजता दुबईत आशिया कपची फायनल. १९८४ पासूनच्या या स्पर्धेत भारत-पाकिस्तान फायनलला पहिल्यांदाच समोरासमोर.

पुतण्या बारा वर्षांचा. "काका, थोडीच लावा ना." मलाही बघायची होती, रेडिओ कानाला लावून वाढलोय मी. पण मॅच लावली असती तर मोबाईल रात्रभर टिकला नसता, आणि भाऊ शेतातल्या आखाड्यावर म्हशी आणायला गेलेला. म्हटलं, मधूनमधून नुसता स्कोअर बघू. पोराचा चेहरा उतरला. त्याला रागावलो नाही. त्याचं वाईट वाटणं खरं होतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास मांडला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येत. जिंकलं की बोलण्यात 'आम्ही' यायचं, हरलं की 'ते'. आपणही म्हणतो, जिंकलो. आणि दुसऱ्या दिवशी, हरले. कुणाच्या तरी जिंकण्यात आपणही असावं, ही माणसाची भूक आहे आणि ती मला प्रिय आहे. पण २०२५ मध्येच, ४ जूनला बंगळुरूत आयपीएलच्या विजयोत्सवात चेंगरून ११ जण गेले. बहुतेक तरुण पोरं. सामना आदल्या दिवशीच संपला होता. त्यांच्या घरच्यांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दहा वाजून गेल्यावर स्कोअर बघितला तर भारत ३ बाद २०. पोरगा रडवेला. तेवढ्यात भावाचा फोन. ओढ्याला पाणी तुंबलं होतं, म्हशी बुजत होत्या. पोरगा स्वतःच उठला, बॅटरी घेतली आणि माझ्याबरोबर निघाला. ओढ्याच्या अलीकडं तो तासभर उजेड धरून उभा होता. एकदाही स्कोअर विचारला नाही.

परतलो तेव्हा बारा वाजले होते. तिलक वर्मा नाबाद ६९, रिंकूचा चौकार, दोन चेंडू राखून विजय.

"जिंकलो, आबा!" पोरगा आजोबांकडं बघून ओरडला.

"म्हशी मोजल्या का?" आबांनी विचारलं.

"चारी आल्या."

"मग जिंकलो," आबा म्हणाले, आणि दोघंही हसले.

काढणीला आलेलं सोयाबीन मात्र गेलं. पाणी ओसरल्यावर शेंगांना जागेवरच कोंब फुटलेले. ते उपटून बांधावर टाकायला चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी हातपाय धुताना पोरगा म्हणाला, "काका, लाईट आलीय. फायनल बघायची का?"

पहिल्या चेंडूपासून बघितली.