लघुव्यवसायाची विक्री आणि दिशाभूल करणारी आर्थिक माहिती
लघुव्यवसायाची किंमत प्रामुख्याने विक्रेत्याने सांगितलेल्या उत्पन्नावर ठरते; म्हणूनच खोटा आकडा खरेदीदाराची संमतीच सदोष करतो. इंग्लंडमधील ‘रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड’ (१८८१) या खटल्यात वकिली व्यवसायाचे वार्षिक उत्पन्न ३०० ते ४०० पौंड सांगण्यात आले होते. कागदपत्रांतून मात्र ते सुमारे २०० पौंडच दिसत होते. खरेदीदाराने ती कागदपत्रे नीट तपासली नव्हती, तरीही अपील न्यायालयाने त्याला करार रद्द करण्याचा हक्क दिला. भारतीय करार कायदा, १८७२ ची भूमिका भिन्न आहे. कलम १९ च्या अपवादानुसार, सामान्य दक्षतेने सत्य कळणे शक्य असल्यास केवळ चुकीच्या कथनावरून करार रद्द करता येत नाही. सबब भारतीय खरेदीदाराने हिशेबवह्या, करविवरणपत्रे व बँकेचे खातेउतारे व्यवहारापूर्वीच ताडून पाहणे अगत्याचे ठरते.