साठीतला पालक, दहा वर्षांचा राजपुत्र
चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाचे स्मारक आहे. मराठी माणसाने तेथे क्षणभर थांबावे. १७८७ मध्ये तंजावरचे तुळजाजीराजे भोसले निवर्तले, तेव्हा दत्तकपुत्र सरफोजी अवघे दहा वर्षांचे होते. चुलते अमरसिंग गादीवर बसले आणि मुलाच्या नशिबी बंदिवास आला. साठी गाठलेले श्वार्ट्झ त्यांचे पालक झाले (आमच्या बँकेच्या भाषेत, 'अज्ञान' खातेदाराचे पालक!). १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला सुरक्षित आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. स्नेह मात्र उणावला नाही. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले, त्याच वर्षी सरफोजी राजे झाले. पुढे त्यांनी तंजावरच्या चर्चसाठी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले : मृत्युशय्येवरील वृद्धाचा हात हाती धरलेला तरुण राजा.