पत्रावळ, पिशवी आणि उकिरडा

आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबांची टर उडविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि ते गोल दगड पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. हल्ली मात्र टेकडीच्या पायथ्याशी दगडांपेक्षा जेवणावळींच्या ताटल्या, पेले आणि पिशव्याच अधिक दिसतात. कुजत त्याही नाहीत.

हा विषय घेण्याला घरचे कारण आहे. माझी आई पळसाच्या पत्रावळी लावते. वैशाखात नवी पाने आली की ती रानातून आणावयाची, आणि बांबूच्या बारीक काडीने एकास एक टाचावयाची. माझी पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली. थर्माकोल आले तशी तिची गिऱ्हाइके गेली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली तेव्हा घरात आशा वाटली होती. पुढे २०२२ च्या अखेरीस प्रमाणपत्र असलेल्या 'कंपोस्टेबल' ताटल्या-पेल्यांना परवानगी मिळाली. आईने विचारले, "हे कायचं असते बाई?" मला सांगता येईना. बी.ए.ला बसणारी घरातली पहिली मुलगी, आणि उत्तर नाही!

शोध घेतला तो असा. 'बायोडिग्रेडेबल' म्हणजे केव्हा तरी कुजणारे. त्याला मुदत नाही. 'कंपोस्टेबल'ला मुदत आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाप्रमाणे वस्तूतील ९० टक्के कार्बनचे १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. मात्र ही परीक्षा घेतात सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत! खतकारखान्यातील मोठ्या ढिगात एवढी ऊब असते. मक्याच्या स्टार्चपासून होणाऱ्या पीएलए या पदार्थाच्या लांब साखळ्या तुटावयास ओल आणि ऊब दोन्ही लागतात. त्या तुटल्याखेरीज जिवाणूंना त्या खाता येत नाहीत. घरच्या बादलीतला किंवा लहान उकिरड्यातला कचरा इतका तापतच नाही.

मागच्या श्रावणात मी परसातल्या उकिरड्यात तीन वस्तू पुरल्या: आईची पत्रावळ, चहाचा कागदी पेला आणि 'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी. दिवाळीच्या सुटीत उकरले. पत्रावळीच्या काड्या तेवढ्या सापडल्या. पेल्याचा कागद गेला होता, पण आतले प्लॅस्टिकचे पातळ अस्तर जसेच्या तसे निघाले. (कागदाला आपण उगाच निष्पाप समजतो.) पिशवी फाटली होती, पण तिच्यावरची अक्षरे वाचता येत होती. आई म्हणाली, "पुरूनच टाकाची तं मंग इकत कायले घ्याची?"

पिशवी खोटी होती असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे उरलेले तुकडे मामांच्या शेतावरील नाडेप टाक्यात टाकले. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसविली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाव पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके. भिंतीत हवेसाठी भोके. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. टाके उघडले तेव्हा पिशवीचे तुकडे बोटांनी चुरता येत होते.

तेव्हा अशी पिशवी घरी आलीच तर तिच्यातून ओला कचराच न्यावा, आणि ती बारीक फाडून शेणकाल्यासह मोठ्या ढिगाच्या मध्यभागी टाकावी. लहान कुंडीत टाकू नये. भंगारवाल्याच्या प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच नको. वितळविताना ती बाकीचा मालही बिघडविते. विकत घेताना छापील हिरव्या पानावर न भुलता मानकाचा क्रमांक पाहावा.

पत्रावळीत दोष नाहीत असेही नाही. पातळ वरण गळते, पावसाळ्यात तिला बुरशी लागते, आणि पाच-सहाशे पाने उठावयाची म्हणजे टाचणाऱ्या हातांची बोटे सोलून निघतात. तरी येत्या वैशाखात मामेबहिणीच्या लग्नाला पत्रावळीच ठरल्या आहेत. मांडवामागे खड्डा कोणी खणावयाचा यावर घरात अजून वाद चालू आहे.