सायलेन्सरची स्प्रिंग काढण्यापूर्वी

ठाणे शहराच्या पश्चिम भागातील वर्तकनगर ही मूळची गृहनिर्माण मंडळाची वसाहत होय. पोखरण रस्ता क्रमांक १ तिच्या जवळून उपवन तलावाकडे जातो व पुढे येऊरच्या डोंगराची चढण लागते. जुन्या बैठ्या बांध्याच्या इमारतींशेजारी आता उंच मनोरे उभे आहेत. मात्र सुटीच्या दिवशी आवारातच मोटारसायकल उघडून बसण्याची तरुणांची हौस अशा वसाहतींत आजही दिसते. साखळी ताणणे, प्लग साफ करणे, तेल बदलणे ही कामे स्वतः करण्याची ही सवय चांगलीच म्हटली पाहिजे. अलीकडे तीत सायलेन्सर बदलण्याची भर पडली असून, या कामात अनेकदा प्रथम हाताशी येते ती एक बोटभर लांबीची स्प्रिंग.

नेहमीच्या वापरातील बहुतेक मोटारसायकलींमध्ये धुराची नळी, जिला गॅरेजात बेंड पाइप म्हणतात, इंजिनला नटांनी घट्ट आवळलेली असते. काही अधिक क्षमतेच्या गाड्यांत, तसेच बाजारात स्वतंत्रपणे मिळणाऱ्या अनेक सायलेन्सरांत मात्र एक नळी दुसरीत सरकवून तो सांधा स्प्रिंगांनी ओढून धरलेला असतो. यामागे निश्चित कारण आहे. अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी ३०० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे २ मिलिमीटरने वाढते. त्यात इंजिनची थरथर आणि रस्त्यावरील हादरे यांची भर पडते. सांधा सर्वस्वी ताठ असता, तर हा सगळा ताण जोडकामावर येऊन तेथे भेग पडण्याचा संभव राहिला असता. स्प्रिंग सांध्याला किंचित हलू देते, परंतु सुटू देत नाही. तिच्या जागी तार गुंडाळणे किंवा एक स्प्रिंग कमी लावणे यांमुळे तिचे कार्यच नाहीसे होते.

ही स्प्रिंग सदैव ताणलेली असते. स्टँडची स्प्रिंग बसविताना ज्यांचा हात कधी सटकला असेल, त्यांना या ताणाची कल्पना सहज येईल. पेचकसाने ती उचकटण्याचा प्रयत्न केल्यास आकडा निसटून स्प्रिंग वेगाने उडते. काम करणाऱ्याचा चेहरा त्या वेळी सांध्यापासून हातभर अंतरावरच असल्याने डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा व हातात जाड मोजे असल्याखेरीज या कामास हात घालू नये. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. स्प्रिंग काढण्यासाठी मूठ असलेला खास आकडा मिळतो. तो स्प्रिंगच्या टोकात अडकवून, स्वतःचा चेहरा ओढीच्या रेषेबाहेर ठेवून, सावकाश ओढावे. जुनी स्प्रिंग गंजलेली वा वेटोळे उघडे पडलेली असल्यास ती पुन्हा न वापरता नवीनच घ्यावी. तिची किंमत डोळ्याच्या मानाने काहीच नाही.

येथवरचे काम दुरुस्तीचे आहे आणि दुरुस्तीला कोणाचीही हरकत नाही. प्रश्न उद्भवतो तो मूळ सायलेन्सरच्या जागी मोठा आवाज करणारी पोकळ नळी बसविल्यावर. सायलेन्सरच्या आतील कप्पे व सच्छिद्र नळ्या धुराच्या दाबाचे धक्के शमवितात. शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत विषारी वायूंचे प्रमाण घटविणारा उत्प्रेरक परिवर्तक याच मार्गात असतो. तो काढला म्हणजे आवाज आणि विषारी धूर ही दोन्ही मोकळी झाली.

आवाजाचे माप येथे समजून घेण्याजोगे आहे. डेसिबेलच्या मोजपट्टीवर १० अंकांची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ होय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबेल आहे. वर्तकनगरसारख्या दाट वस्तीत समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज परततो. मध्यरात्री एक गाडी गेली, तरी अनेक घरांतील रुग्ण, तान्ही मुले आणि परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी जागे होतात. येऊरच्या बाजूस तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन आहे. तेथील वन्यजीवांना तक्रार नोंदविण्याची सोय नाही!

कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई केली असून, २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० लागू होते. त्यात पहिल्या अपराधासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची आणि तीन महिन्यांच्या अनुज्ञप्ती-अपात्रतेची तरतूद आहे. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये राज्यातील अनेक शहरांत दिसली आहेत. परंतु ज्या मुलाला स्प्रिंगचे कार्य वर्गात फळ्यावर समजावून सांगितले गेले, त्याच्यापर्यंत तो रोडरोलर पोहोचण्याची वेळ बहुधा येणार नाही. औष्णिक प्रसरणाचा पाठ शिकविताना विज्ञान शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल. ग्रामपंचायतींनाही स्थानिक मिस्त्रींशी याविषयी बोलता येईल, कारण ही हौस आता शहरापुरती राहिलेली नाही.

ज्यांनी सायलेन्सर आधीच बदलला आहे, त्यांनी मूळ भाग परत बसविताना सांध्यातील गॅस्केट नवीन घ्यावी, नळी जागेवर पूर्ण सरकवावी, सर्व स्प्रिंगा लावाव्यात व नंतरच आधाराचे बोल्ट आवळावेत. गाडी बंदिस्त जागेत सुरू करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्यावर इंजिन सुरू करून सांध्याजवळ फटफट आवाज येतो का, हे ऐकावे. सांधा गळत असल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि ऑक्सिजन संवेदक असलेल्या गाडीत इंधनाचे प्रमाण चुकते. काही दिवसांनी सांध्याभोवती काळी काजळी दिसली, तर गळती आहे असे समजून, इंजिन थंड झाल्यावर गॅस्केट व स्प्रिंगा पुन्हा तपासाव्यात.